अनुपस्थितीचे वाचन : बेपत्ता पती, उरलेली पत्नी आणि लोकापवाद

१

वसई तालुक्यातील सातिवली हे गावाचे नाव कानी पडले, की त्यात 'सती' हा शब्द ऐकू येतो. ऐकू आलेल्या शब्दाभोवती मन लगेच कथा रचू लागते : परतून न आलेला पती, त्याच्यामागे निघून गेलेली स्त्री, तिच्या नावाने वसलेली वस्ती. या कथेला पुरावा एकच, तो म्हणजे आपला कान. 'ती'तील पहिली वेलांटी आणि 'सा'चा काना आपण सोयीने बाजूस सारलेला असतो. ही व्युत्पत्ती निरुपद्रवी आहे, कारण तिने कोणाचे नुकसान होत नाही. मात्र ज्या मनोव्यापारातून ती निर्माण होते, तो निरुपद्रवी नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती वाळवंटातून १९८० साली नऊ आठवड्यांची ॲझेरिया चेंबरलेन नाहीशी झाली, तेव्हा तिच्या नावाचा अर्थ 'अरण्यात दिलेला बळी' असा आहे ही अफवा देशभर पसरली. नावाला तसा अर्थ नव्हता. पण ज्यांना आईच्या हातून बळी घडलेला पाहायचा होता, त्यांना तो नावातही ऐकू आला.

एखादी व्यक्ती नाहीशी होते आणि तिचे जिवलग माणूस, विशेषतः पत्नी वा सहचरी, मागे उरते. समाज तिच्या मुद्रेचे, वेषाचे, अश्रूंचे व मौनाचे 'वाचन' करू लागतो. या वाचनाची नैतिक प्रतिष्ठा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तो समीक्षेच्या नियतकालिकात मांडण्याचे कारण असे, की अन्वयार्थ लावणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी अन्वयार्थाच्या या अनधिकृत रूपाकडे पाठ फिरवणे योग्य नव्हे.

२

या प्रश्नाचे मराठी उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. ज्या वसईच्या परिसरात सातिवली आहे, ती वसई चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकली. त्यांचे पुत्र सदाशिवराव भाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणात दिसेनासे झाले. पानिपत हे वाळवंट नव्हे. पण वाळवंट ज्या अर्थाने माग पुसून टाकते, त्या अर्थाने त्या दिवशीचे रणांगण वाळवंटच झाले होते. भाऊ पडले, असे सांगणारा आधार नव्हता असे नाही. काशिराज पंडिताच्या फार्सी वृत्तांतात एका शिरविहीन देहाची ओळख पटवून त्याचा अंत्यसंस्कार केल्याची हकीकत आहे. सावकारी सांकेतिक भाषेत दक्षिणेकडे आलेल्या सुप्रसिद्ध पत्रात गळालेल्या दोन मोत्यांपैकी एक भाऊच समजले जातात. तरीही ओळखीचे शव आप्तांच्या डोळ्यांपुढे आले नव्हते. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई रणधुमाळीतून वाचून परतल्या. पतीचा मृत्यू त्यांनी मान्य केला नाही आणि वैधव्याची चिन्हे धारण केली नाहीत.

पुढे काही वर्षांनी उत्तरेत एक मनुष्य स्वतःला भाऊ म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळी त्याला पुण्यास आणून चौकशी झाली. तो सुखलाल नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे ठरले आणि त्याला कैदेत ठेवण्यात आले. १७७६ साली रत्नागिरीच्या रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला मुक्त करून त्याचा पक्ष उचलला, आणि पाहता पाहता कोकणचा मोठा भाग त्याच्या हाती गेला. नारायणरावांचा खून, राघोबादादांचा इंग्रजांकडील आश्रय, पाळण्यातला पेशवा : अशा वेळी परतलेला भाऊ हा अनेकांच्या इच्छेचा विषय होता. अखेर त्याच्या सैन्याचा मोड झाला, कुलाब्याच्या आंगऱ्यांनी त्याला पकडले, आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांना याच प्रकरणात 'तोतयाचे बंड' या नाटकाचा विषय सापडला.

आपल्या इतिहासलेखनाने तोतयाचे राजकारण तपशिलाने तपासले. पार्वतीबाईंच्या स्थितीतील तार्किक कोंडी मात्र क्वचितच तपासली गेली. तोतया उभा राहिल्याबरोबर त्यांचे कुंकू ही खाजगी गोष्ट राहिली नाही. ते एक राजकीय विधान झाले. कुंकू ठेवावे, तर तोतयाच्या दाव्याला आधार मिळतो. ते पुसावे, तर एवढी वर्षे ते का ठेवले, हा प्रश्न येतो. समोर आणलेल्या पुरुषाला नाकारावे, तर दरबाराच्या दडपणाचा संशय. स्वीकारावे, तर चारित्र्याचा. ज्या संहितेचा प्रत्येक पर्याय वाचकाने आधीच दोषारोपात रूपांतरित करून ठेवला आहे, तिच्या वाचनाला वाचन म्हणावे काय?

३

हे वाचन कोणत्या संकेतव्यवस्थेवर चालते, ते आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत नेमके सांगता येते. भरताने करुण आणि विप्रलंभ यांत भेद केला तो अपेक्षेच्या आधारे : करुण निरपेक्ष, म्हणजे पुनर्भेटीची आशा संपलेला, विप्रलंभ सापेक्ष, म्हणजे ती आशा शिल्लक असलेला. दोहोंत अश्रू, वैवर्ण्य, निःश्वास हे अनुभाव सामाईक असू शकतात; रस ठरतो तो आशेच्या असण्या-नसण्यावरून. बेपत्ता माणसाच्या पत्नीची स्थिती या दोन कोटींच्या मधोमध आहे. उत्तरकालीन साहित्यशास्त्रज्ञांनी करुण-विप्रलंभ नावाची कोटी कल्पिली खरी. परंतु तिच्यात मृताशी पुन्हा भेट होणार असल्याचे आश्वासन असते. 'कादंबरी'तील महाश्वेतेला ते आश्वासन आकाशातून मिळते. पार्वतीबाईंना कोणी दिले नव्हते.

समाजाला मात्र मधली अवस्था सहन होत नाही. त्याला करुण तरी हवा किंवा विप्रलंभ तरी. आणि जो हवा, त्याचे ठरलेले अनुभाव हवेत. ॲझेरियाची आई लिंडी चेंबरलेन दूरचित्रवाणीवर पुरेशी रडली नाही, हा तिच्याविरुद्धचा लोकमान्य पुरावा ठरला. त्याच देशाच्या उत्तर प्रदेशातील निर्जन रस्त्यावरून २००१ साली पीटर फाल्कोनियो हा ब्रिटिश प्रवासी नाहीसा झाला. हल्लेखोराच्या हातून निसटलेल्या त्याच्या सहचरीकडे वृत्तपत्रांनी आधी सहानुभूतीने पाहिले आणि मग संशयाने. पत्रकारांसमोर तिने घातलेल्या सदऱ्यावरील थट्टेखोर अक्षरे हाही चर्चेचा विषय झाला. २००५ मध्ये ब्रॅडली मर्डॉक या इसमाला खुनाबद्दल शिक्षा झाली. फाल्कोनियोचा देह मात्र मिळालेला नाही.

येथे तर्काची चूक कोठे होते? रंगभूमीवर अनुभावावरून स्थायी भावाचा बोध होतो, कारण नटाने तो अनुभाव प्रेक्षकासाठी, शास्त्राने शिकून, योजलेला असतो. जीवनातील शोक कोणासाठी योजलेला नसतो. रंगमंचावर अश्रूंचा अभाव अर्थपूर्ण ठरतो; घरात तो केवळ अभाव असू शकतो. नाट्याचा संकेत जीवनावर लादला, की शोकाकुल माणूस 'वाईट नट' ठरतो, आणि वाईट नट म्हणजे खोटा माणूस असे समीकरण तयार होते.

४

प्रमाणशास्त्राची दोन उदाहरणे या चुकीवर अधिक प्रकाश टाकतील. मीमांसकांच्या अर्थापत्तीचे प्रसिद्ध उदाहरण असे : देवदत्त जिवंत आहे, घरी नाही, अर्थात तो बाहेर आहे. या अनुमानाचा सारा भार 'जिवंत आहे' या पहिल्या पदावर आहे. ते पद काढून घेतले, तर उरते फक्त 'घरी नाही'. आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. लोकापवाद नेमके हेच करतो. दुसरे उदाहरण पुष्ट देवदत्ताचे : तो दिवसा जेवत नाही, तरी पुष्ट आहे, अर्थात रात्री जेवतो. कुजबुजीची तर्कपद्धती हीच : ती रडत नाही, तरी सावरलेली आहे, अर्थात तिला काहीतरी ठाऊक आहे. पहिल्या युक्तिवादात दुसरा मार्गच नसतो. दुसऱ्यात शेकडो मार्ग असतात. पण ते मोजण्याची आपली तयारी नसते.

भाट्ट मीमांसकांची अनुपलब्धी याहूनही महत्त्वाची आहे. एखादी वस्तू दिसत नाही एवढ्यावरून तिचा अभाव सिद्ध होत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असावी लागते. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. उजेडात, मोकळ्या जमिनीवर घट दिसला नाही, तर तो नाही. अंधारात दिसला नाही, तर काहीच कळले नाही. वाळवंट आणि रणांगण ही अंधाराची रूपे आहेत, आणि परक्या माणसाचे अंतःकरण हे त्याहून गडद. तेथे शोक 'दिसला नाही' या विधानाला ज्ञानाचा दर्जा देता येत नाही.

चेंबरलेन प्रकरणात तज्ज्ञांनीही ही मर्यादा ओलांडली. मोटारीत अर्भकाचे रक्त म्हणून जे दाखवले गेले, त्यातील फवारा वस्तुतः आवाज शोषणाऱ्या लेपाचा होता, असे पुढे निष्पन्न झाले. लिंडीला १९८२ मध्ये जन्मठेप झाली. मुलीचे जाकीट सापडल्यावर १९८६ मध्ये सुटका झाली. १९८८ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली. आणि मृत्यू डिंगो या रानकुत्र्यामुळे झाल्याचा अधिकृत निर्णय यायला २०१२ साल उजाडले. अफवा पसरायला काही दिवस पुरले होते. ती कागदोपत्री पुसायला ३२ वर्षे लागली.

५

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. संशय घेणे हे नेहमीच अनैतिक आहे काय? जिवलगांनीच घात केल्याची उदाहरणे थोडी नाहीत. समाज गप्प राहिला, तर कित्येक गुन्हे घराच्या भिंतीआड गाडले जातील. आणि त्यात बळी गेलेल्यांत पत्नींची संख्याच मोठी असेल. आक्षेप खरा आहे. म्हणून संशय आणि लोकापवाद यांत भेद केला पाहिजे. तपास करणाऱ्याचा संशय हे एक गृहीतक असते : ते पुराव्याला बांधलेले असते, चुकीचे ठरू शकते, आणि ते चुकले तर कोणालातरी उत्तर द्यावे लागते. पुणे दरबाराने तोतयाची चौकशी केली, साक्षी घेतल्या. त्या चौकशीवर राजकारणाचे सावट होते हे मान्य करूनही, ती चौकशी होती. लोकापवादाला खोटे ठरण्याची अटच मान्य नसते. तो प्रतिकूल पुरावाही गिळतो, आणि चुकला तर त्याचा कर्ता सापडत नाही, कारण 'लोक म्हणतात' या वाक्यातील कर्त्याला पत्ता नसतो. शेजाऱ्याला काही दिसले असेल, तर त्याने ते चौकीवर सांगावे. ते त्याचे कर्तव्य आहे. पारावर सांगणे हे त्या कर्तव्याचे पालन नव्हे, त्यापासूनची पळवाट आहे.

दुसरा आक्षेप साहित्याच्या बाजूने येईल. रिकाम्या जागा भरणे हा तर वाचकाचा अधिकार आहे. गेल्या काही दशकांतील वाचकलक्ष्यी सिद्धान्तांनी तो प्रस्थापित केला आहे. परंतु साहित्यकृतीतील रिकाम्या जागा वाचकासाठी ठेवलेल्या असतात आणि त्या कशाही भरल्या, तरी पात्राला इजा होत नाही. जीवनातील रिकामी जागा आपल्याला उद्देशून नसते. ती कोणाची तरी जखम असते. या भेदाचे भान सर्वांत सूक्ष्मपणे दाखवले ते भवभूतीने. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात दुर्मुख सीतेविषयीचा लोकापवाद घेऊन येतो आणि तो रामाच्या कानात सांगतो. प्रेक्षकाला त्याचा परिणाम दिसतो, शब्द ऐकू येत नाहीत. कथानकाला अपवाद हवा आहे, पण त्याचा उच्चार करून प्रेक्षकाला त्याचा वाहक बनवायला नाटककार तयार नाही. हा केवळ औचित्यविचार नाही. हे एक नैतिक विधान आहे. दुर्दैव असे, की ज्या रामाच्या कानात ते शब्द पडले, त्याने ते कानातच ठेवले नाहीत. त्यांचे राजाज्ञेत रूपांतर केले.

६

धर्मशास्त्राने आणि कायद्याने ही अनिश्चितता ओळखली होती. पराशरस्मृतीतील ज्या वचनाचा आधार विद्यासागरांनी विधवाविवाहासाठी घेतला, त्यातील पाच आपत्तींमध्ये 'नष्ट' म्हणजे बेपत्ता पती मृताच्याही आधी येतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील १०८ व्या कलमाने सात वर्षांची मुदत घातली. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती कायम आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सात वर्षे ठावठिकाणा नसणे हे घटस्फोटाचे कारण आहे. या मुदतींचे मर्म नीट पाहावे. त्या 'तो मेला' असे सांगत नाहीत. 'आता तो मेला असे मानून व्यवहार करता येईल' एवढेच सांगतात. अज्ञान हे अज्ञान म्हणून मान्य करून जगण्याची वाट काढणे, ही त्यामागची नम्रता आहे. विशेष म्हणजे या तरतुदींनी वाट खुली केली, सक्ती केली नाही. सात वर्षांनंतरही जिला थांबायचे आहे, तिला कायदा उठवीत नाही. लोकापवादाला ही नम्रता नाही : त्याला सातव्या दिवशीच निकाल हवा असतो.

समजा, सातिवलीतील एखाद्या गाळ्यात काम शिकलेला तरुण आखाती देशातल्या वाळवंटी प्रकल्पावर गेला आणि त्याचे फोन येणे थांबले. मागे बायको, दोन मुले, त्याच्या नावावरचे बँकखाते आणि भाड्याची खोली. संक्रांतीचे हळदीकुंकू आले. तिला बोलवावे की नाही? बोलावले, तर ती सवाष्ण आहे असे आपण ठरवले. टाळले, तर ती विधवा आहे असे ठरवले. आणि ती नवी साडी नेसून आली, तर? याच प्रश्नात पार्वतीबाईंची सारी कोंडी चाळीच्या जिन्यावर उभी असते.

माझ्या मते उत्तर एकच आहे. तिला बोलवावे, कारण ती शेजारीण आहे. कुंकू लावायचे की नाही, हे तिचे तिला ठरवू द्यावे. आणि तिने जे ठरवले, त्याचा अर्थ लावू नये. अर्थ लावणे हा ज्यांचा स्वधर्म आहे, अशा आपल्यासारख्यांना यातील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण जाईल. पण वाचनाच्या शास्त्राला वाचू नये अशा जागाही ओळखता आल्या पाहिजेत. त्या ओळखता आल्या नाहीत, तर आपली समीक्षा आणि पारावरची कुजबुज यांत परिभाषेचाच काय तो फरक उरेल.