तोटा कोणाच्या पदरी?

ऑक्टोबर २००७ मध्ये शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक ६१२४ वर पोचला होता. २०२२ साल संपले तेव्हा तो ३१०० च्याही खाली होता. याच पंधरा वर्षांत चीनची अर्थव्यवस्था डॉलरच्या हिशेबात सुमारे पाचपट झाली. २००७ चा आकडा फुग्याच्या टोकाचा होता, हे मान्य. पण पाचपट वाढलेल्या अर्थव्यवस्थेत असा फुगा कधीच जिरून जायला हवा होता. बरे, या काळात बाजारात सुधारणा झाल्या नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. २०१४ मध्ये शांघायचा बाजार हाँगकाँगशी जोडला गेला. २०१५ मध्ये ठेवींवरील व्याजाची कमाल मर्यादा उठली आणि ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. २०१८ पासून चीनमध्येच नोंदलेले शेअर एमएससीआय या संस्थेच्या जागतिक निर्देशांकांत आले. २०१९ मध्ये तंत्रज्ञान कंपन्यांसाठी स्टार मार्केट उघडले, २०२१ मध्ये बीजिंगचा शेअर बाजार सुरू झाला. सुधारणांची यादी एवढी लांब आणि गुंतवणूकदाराच्या हाती एवढे थोडे, याची संगती कशी लावायची?

याची दोन ठरलेली उत्तरे आहेत. पहिले असे की, चिनी माणूस मुळात जुगारी, त्यामुळे तिथला बाजार म्हणजे सट्ट्याचा अड्डा. पण तिथले २० कोटींहून अधिक किरकोळ गुंतवणूकदार ज्या समाजातून येतात, तो समाज उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा शिल्लक टाकतो. पैशाला एवढे जपणारी माणसे बाजारात आल्यावरच सट्टेबाज होत असतील, तर माणसांपेक्षा बाजाराकडे बघायला हवे. दुसरे उत्तर असे की, कम्युनिस्ट पक्ष आणि भांडवल बाजार यांचे जमायचेच नाही. हेही पुरेसे नाही, कारण हा बाजार पक्षाने स्वतःच आणला आहे.

मला वाटते, खरी अडचण वेगळ्या जागी आहे. नफ्याला वाटेकरी आपोआप मिळतात, त्यासाठी कायदे आणि संस्था फारशा लागत नाहीत. वित्तीय बाजाराची कसोटी लागते ती तोटा कोणाचा हे ठरवताना. चीनने गेल्या चार दशकांत बाजाराचे जवळपास प्रत्येक यंत्र आणले, पण हा निर्णय मात्र बहुतेक वेळा बाजाराकडे जाऊ दिला नाही. तोटा या खात्यातून त्या खात्यात, या वर्षातून पुढच्या वर्षात फिरत राहिला.

सुरुवातीचा काळ मोठा उत्साहाचा होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचे अध्यक्ष जॉन फेलन बीजिंगला आले, तेव्हा डेंग श्याओपिंग यांनी त्यांना शांघायच्या फेइलो अकूस्टिक्स या कंपनीचा ५० युआनचा एक शेअर भेट दिला. शेअरवर नाव दुसऱ्याचे होते. फेलन शांघायला गेले आणि शेअर रीतसर आपल्या नावावर करून घेतला. ज्या काउंटरवर हे झाले ते काही आठवड्यांपूर्वीच उघडले होते आणि तिथे अवघ्या दोन कंपन्यांच्या शेअरांची खरेदी-विक्री चाले. मालकी नावावर चढवायची असते, हे फेलन यांना सांगावे लागले नाही. त्या मालकीबरोबर येणारी जोखीम कोणाच्या नावावर चढवायची, हा प्रश्न मात्र पुढे कैक वर्षे अनुत्तरित राहिला.

डिसेंबर १९९० मध्ये शांघायचे एक्स्चेंज आठ कंपन्यांचे शेअर घेऊन सुरू झाले. त्यामागची निकड साधी होती. सरकारी कारखाने तोट्यात होते, बँकांची कर्जे फेडत नव्हते आणि तिजोरीला त्यांचा भार पेलवत नव्हता. शेअर विकून आलेला पैसा परत करावा लागत नाही, एवढे बाजाराचे आकर्षण पुरेसे होते. कोणत्या प्रांतातून किती शेअर विकायचे याचा कोटा ठरू लागला आणि प्रांतांनी आपापले अडचणीतले कारखाने रांगेत पुढे केले. शिवाय नोंदणी झालेल्या कंपन्यांचे सुमारे दोन-तृतीयांश शेअर बाजारात विकताच येत नसत. ते सरकार आणि सरकारी संस्थांकडे पडून असत. भाव ठरे तो उरलेल्या एक-तृतीयांशावर.

या व्यवस्थेचा स्वभाव शेनझेनमध्ये फार लवकर उघड झाला. मुंबईत रोखे घोटाळ्याने धुमाकूळ घातला, त्याच १९९२ सालच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. नव्या शेअरांसाठी सोडत काढायची ठरले. त्यासाठी ५० लाख अर्ज छापले, किंमत प्रत्येकी १०० युआन. एका माणसाला दहा ओळखपत्रांवर दहा अर्ज घेता येत. गावोगावच्या नातेवाइकांची ओळखपत्रे गठ्ठे बांधून टपालाने शेनझेनला येऊ लागली. ऑगस्टच्या उन्हापावसात लाखो माणसे आदल्या दिवसापासून रांगेत उभी होती. मध्ये कोणी घुसू नये म्हणून बायका-पुरुष पुढच्याच्या कमरेला मिठी घालून उभे राहत. खिडक्या उघडल्या आणि थोड्याच तासांत अर्ज संपले. निम्मे अर्ज मागच्या दाराने गेले, असा बोभाटा झाला. १० ऑगस्टच्या संध्याकाळी लोक रस्त्यावर उतरले. प्रशासनाने तोडगा काढला तो असा: पुढच्या वर्षीच्या कोट्यातून उसने घेऊन आणखी ५ लाख अर्ज विकायचे. ऑक्टोबरमध्ये रोखे बाजारावर देखरेख करणारा आयोग स्थापन झाला. संस्था उभी राहिली, हे चांगलेच झाले. पण आजचा असंतोष शमवायला उद्याकडून उसने घ्यायचे, ही रीतही तेव्हाच पडली.

बँकांच्या बाबतीत हीच रीत प्रचंड प्रमाणावर वापरली गेली. नव्वदीच्या अखेरीस चार मोठ्या सरकारी बँका थकीत कर्जांखाली दबल्या होत्या. १९९८ मध्ये सरकारने त्यांच्यात २७ हजार कोटी युआन भांडवल घातले. १९९९ मध्ये चार मालमत्ता व्यवस्थापन कंपन्या काढल्या आणि सुमारे १ लाख ४० हजार कोटी युआनची थकीत कर्जे दर्शनी किमतीला त्यांच्या गळ्यात घातली. या कंपन्यांकडे पैसा कुठला? त्यांनी दहा वर्षांचे रोखे काढले आणि त्यांतले बरेचसे त्याच बँकांना दिले. वड्याचे तेल वांग्यावर निघाले. बँकांच्या ताळेबंदातून बुडीत कर्ज गेले आणि ते खरेदी करणाऱ्याचा रोखा आला. दहा वर्षांनी मुदत संपली, तेव्हा ती वाढवून दिली गेली.

या चारपैकी हुआरोंग कंपनीची पुढची कहाणी बोलकी आहे. दुसऱ्यांची बुडीत कर्जे निस्तरण्यासाठी जन्मलेल्या या कंपनीने सरकारी पाठबळाच्या भरवशावर स्वस्तात पैसा उचलला आणि भलतीकडेच कर्जे वाटली. तिचे प्रमुख लाय श्याओमिन यांना सुमारे १७९ कोटी युआनच्या लाचखोरीसाठी जानेवारी २०२१ मध्ये फाशीची शिक्षा देण्यात आली. कंपनीचा २०२० चा तोटा १० हजार कोटी युआनहून अधिक निघाला आणि तिला वाचवायला सिटिक या दुसऱ्या सरकारी समूहाला पुढे यावे लागले. लाय यांचा लोभ खरा, पण तो पोसला गेला तो या खात्रीवर की बुडू लागलो तर सरकार तारणार.

ही तारणहारी फुकट नव्हती. तिची किंमत ठेवीदार भरत होता. ठेवींवरचे व्याज सरकार बांधून देई. फेब्रुवारी २००८ मध्ये महागाई ८.७ टक्के होती आणि वर्षाच्या ठेवीवर ४.१४ टक्के व्याज मिळत होते. बँकेत पैसे ठेवणारा दर वर्षी थोडा गरीब होत होता. त्या स्वस्त पैशावर बँकांचा नफा, कारखान्यांची कर्जे आणि प्रांतांचे पूल-रस्ते उभे राहत होते. हा कर कोणत्याही अंदाजपत्रकात दिसला नाही. तो चुकवायचा तर मार्ग दोनच: शेअर नाहीतर सदनिका.

शेअर बाजारात २०१५ मध्ये काय घडले ते बहुतेकांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये निर्देशांक ४००० च्या पुढे गेला, तेव्हा पक्षाच्या मुखपत्राच्या संकेतस्थळावर तेजीची ही तर सुरुवात आहे असे छापून आले. दलालांकडून उसने घेतलेली रक्कम २ लाख कोटी युआनच्या वर गेली. १२ जूनला बाजार ५१७८ पर्यंत चढला आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत सुमारे एक-तृतीयांश कोसळला. मग दलाल कंपन्यांना १२ हजार कोटी युआनची खरेदी करायला लावले, नवे शेअर काढणे थांबवले, पाच टक्क्यांहून जास्त हिस्सा असलेल्यांना सहा महिने विक्रीची बंदी घातली. जवळपास निम्म्या कंपन्यांनी आपले व्यवहारच स्थगित करून घेतले. भाव पडू नये म्हणून भाव निघूच द्यायचा नाही! यातून गुंतवणूकदाराने घ्यायचा तो धडा घेतला. कंपनीचा ताळेबंद वाचण्यापेक्षा बीजिंगचा रोख ओळखणे जास्त फायद्याचे. ज्याला जुगार म्हणून हिणवले जाते, ते या परिस्थितीत पुरते शहाणपणाचे वागणे आहे.

सदनिकांची गोष्ट याहून कडू. मध्यवर्ती बँकेच्या २०१९ च्या पाहणीत शहरी कुटुंबांची सुमारे ६० टक्के मालमत्ता घरात गुंतलेली आढळली. बिल्डर घर बांधण्याआधी विकत, ग्राहक कर्ज काढून पूर्ण पैसे देई आणि त्या पैशावर बिल्डर पुढची जमीन घेई. जमीन विकून स्थानिक सरकारे चालत. २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जावर ‘तीन लाल रेषा’ आखल्या. निर्णय योग्य होता, पण उशिराचा. सुमारे २ लाख कोटी युआनची देणी असलेल्या एव्हरग्रँडने डिसेंबर २०२१ मध्ये हात वर केले. जुलै २०२२ मध्ये अनेक शहरांतल्या ग्राहकांनी अर्धवट इमारतींचे हप्ते भरणार नाही असे जाहीर केले. इतकी वर्षे खात्या-खात्यांत फिरलेला तोटा शेवटी त्यांच्या दारात उभा राहिला, ज्यांना त्याबद्दल कोणी कधी विचारले नव्हते.

या धोरणाच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. तोटा पुढे ढकलणे म्हणजे दर वेळी फसवणूक नसते. अर्थव्यवस्था दहा टक्क्यांनी वाढत असेल, तर आजचे डोंगराएवढे कर्ज दहा वर्षांनी टेकडीएवढे दिसते. १९९९ च्या थकबाकीचे नेमके तसेच झाले. त्या वेळी चारही बँका बुडू दिल्या असत्या, तर पुढची भरभराट कदाचित दिसलीच नसती. मलाही हे पटते. पण वाढीचा वेग पाच टक्क्यांवर आला, २०२२ पासून लोकसंख्या घटू लागली आणि रिकाम्या सदनिका पडून राहिल्या की काळ हे औषध उरत नाही. जी रीत तरुण अर्थव्यवस्थेला परवडली, ती वय झालेल्या अर्थव्यवस्थेला परवडेलच असे नाही.

नियामकांना हा प्रश्न कळत नाही, असेही नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अँट ग्रुप या वित्त-तंत्रज्ञान कंपनीची सुमारे ३,४०० कोटी डॉलरची शेअरविक्री नोंदणीच्या दोन दिवस आधी रोखली गेली, तेव्हा जगभर चर्चा झाली ती तिचे संस्थापक जॅक मा यांनी आधी एका भाषणात सरकारी बँकांवर केलेल्या टीकेची. पण अँटमार्फत वाटल्या गेलेल्या कर्जांपैकी जेमतेम दोन टक्के तिच्या स्वतःच्या ताळेबंदावर होती. कर्ज बुडाले तर बुडणार होत्या बँका, आणि कमिशन मात्र अँटचे. नियामकांचा प्रश्न अगदी बरोबर होता. चुकली ती पद्धत. रीतसर कागद तपासून मंजुरी दिलेली विक्री भाषणानंतर काही दिवसांत थांबते, तेव्हा लोकांना नियम दिसत नाही, मर्जी दिसते.

मग चीनमध्ये तोटा वाटण्याचे काम कधीच नीट झाले नाही का? झाले, आणि म्हणूनच आशेला जागा आहे. २००५ मध्ये विकता न येणारे सरकारी शेअर बाजारात आणायचे ठरले. २००१ मधला असाच प्रयत्न बाजार कोसळल्याने सोडून द्यावा लागला होता. या वेळी अट अशी घातली की, नवे शेअर आल्याने ज्यांच्या शेअरांचा भाव पडणार, त्या छोट्या भागधारकांना भरपाई द्यायची आणि त्यांची दोन-तृतीयांश मते मिळाल्याशिवाय पुढे जायचे नाही. सानी हेवी इंडस्ट्रीच्या भागधारकांनी होकार दिला, त्सिंगुआ टोंगफांगच्या भागधारकांनी प्रस्ताव चक्क फेटाळला. पुढे बहुतेक कंपन्यांत दहा शेअरांमागे तीनच्या आसपास भरपाईवर सौदा जमला आणि पंधरा वर्षांचे भिजत घोंगडे दोन वर्षांत वाळले. दुसरे उदाहरण नोव्हेंबर २०२१ चे. खात्यात नसलेली सुमारे ३ हजार कोटी युआनची रोकड दाखवणाऱ्या कांगमेई या औषध कंपनीविरुद्धच्या सामूहिक दाव्यात ग्वांगझोच्या न्यायालयाने ५० हजारांहून अधिक गुंतवणूकदारांना सुमारे २४६ कोटी युआन देण्याचा आदेश दिला. संचालक आणि लेखापरीक्षकही त्यातून सुटले नाहीत.

दोन्ही ठिकाणी ज्याचे नुकसान व्हायचे होते किंवा झाले होते, त्याच्या हातात काहीतरी होते: एकदा मत, एकदा कोर्टाचा दरवाजा. बाकी ठिकाणी त्याच्याकडे काहीच नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजार पाच वर्षांच्या तळाशी असताना चिनी गुंतवणूकदारांनी वेइबो या चिनी समाजमाध्यमावरील अमेरिकी वकिलातीच्या खात्यावर, जिराफांच्या संवर्धनाविषयीच्या एका मजकुराखाली, हजारोंनी आपले गाऱ्हाणे मांडले. आपल्याच देशात बोलायला जागा नसली की माणसे जिराफाखाली जमतात. त्याच आठवड्यात रोखे आयोगाचे प्रमुख बदलले गेले. गाऱ्हाणे कानावर गेले असेल, पण ऐकणाऱ्यावर ते ऐकण्याचे बंधन नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्थानिक सरकारांची १० लाख कोटी युआनची छुपी देणी उघड कर्जात बदलण्याचा निर्णय झाला. लपलेला तोटा निदान हिशेबाच्या वहीत आला, हे पाऊल पुढचेच आहे. पण तो कोणी सोसायचा हे अजूनही बंद दाराआडच ठरणार असेल, तर वही तेवढी नवी, हिशेब जुनाच. चीनच्या बाजारातल्या यापुढच्या प्रत्येक सुधारणेला एकच प्रश्न विचारावा: हिच्यात ज्याचे पैसे जाणार आहेत, त्याला नाही म्हणता येते का? २००५ मध्ये ते म्हणता आले होते आणि त्याने बाजार बुडाला नाही. पक्षाच्या स्वतःच्या इतिहासातलाच हा दाखला आहे. त्यासाठी कोणत्याही परक्या देशाचे अनुकरण करायची गरज नाही.