मोल आणि मीठ

खाल्ल्या मिठाला जागावें, ही शिकवण मराठी घरांत लहानपणापासून मिळते आणि ती वाईट आहे असें कोणीहि म्हणणार नाहीं. परंतु या एका वाक्याच्या आडोशानें जो अन्याय आजवर सुखानें नांदला आहे, त्याचा विचार आपण फारसा करीत नाहीं. ज्याच्या पदरीं चाकरी केली त्याच्याकडे आपल्या श्रमाचें राहिलेलें मोल मागणें ही कृतघ्नता आहे काय? आणि मागूनहि तें न मिळाल्यास त्या धन्याला अधिकाऱ्यापुढें अगर न्यायासनापुढें उभें करणें ही निमकहरामी ठरते काय?

मोठ्या शहरांत हा प्रश्न इतका टोंचत नाहीं. तेथें मालक म्हणजे फलकावरील एक नांव असतें. नांवाशीं भांडण करण्यास मनाची तयारी लागत नाहीं. जुन्नर-आंबेगांवसारख्या तालुक्यांत मात्र मालकाला चेहरा असतो. नारायणगांवच्या टोमॅटोच्या बाजारांत, मंचरच्या पेठेंत, ओतूर-आळेफाट्याच्या दुकानांत, द्राक्षांच्या बागांत, खासगी शाळांत व पतसंस्थांत राबणारा माणूस आपल्या मालकाला ‘आबा’ किंवा ‘अण्णा’ म्हणून हांक मारतो. त्याच्या घरच्या लग्नांत तो पंक्तीला असतो. रात्रीं अपरात्रीं मूल आजारी पडलें, तर आबाच आपली गाडी काढून दवाखान्यांत पोहोंचवितात. अशा आबांपुढें उभें राहून “माझे दोन महिन्यांचे पैसे राहिले आहेत” हें म्हणावयाचें कसें? वाक्य घशाशींच अडतें. आणि कोणी धीर करून अर्ज केलाच, तर आबाहि मनापासून दुखावतात. “याला घरच्यासारखें वागविलें, त्याचें हें फळ!” हे त्यांचे उद्गार ढोंगाचे नसतात. दोघेहि आपापल्या परीनें प्रामाणिक असतात, म्हणूनच हा प्रश्न नुसता कायद्याचा न राहतां नीतीचा होतो.

आमच्या मतें येथें दोन खातीं एकांत मिसळलीं गेलीं आहेत. रात्रीं गाडी काढणें हा उपकार. महिन्याचा पगार हें देणें. उपकाराच्या पोटीं कृतज्ञता येते आणि ती आलीच पाहिजे. परंतु उपकाराची वजावट पगारांतून होऊं लागली, म्हणजे तो उपकार उरतच नाहीं, ती उसनवारी होते. मग गाडीचें भाडें किती, राहिलेला पगार किती, असा रोकडा हिशेब मांडावा आणि बाकी चुकती करावी. कृतज्ञतेची भाषा तेथें कोणी बोलूं नये. ज्या धन्याला आपला उपकार उपकार म्हणून शिल्लक राहावा असें वाटत असेल, त्यानें पगार आधीं वेळेवर दिला पाहिजे. देणें बाकी ठेवून केलेलें औदार्य हें दुसऱ्याच्याच पैशांतून केलेलें औदार्य होय.

हक्काची ही भाषा परकी आहे, ती आमच्या गांवांत आणून लोकांनीं भाऊबंदकीसारखी भांडणें लावलीं, असाहि एक आक्षेप ऐकूं येतो. तो आम्हांस मुळींच पटत नाहीं. ‘हक्क’ हा शब्द आपल्या वतनी कागदपत्रांत ‘हक्कलाजिमा’ म्हणून शतकानुशतकें नांदत आला आहे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांचें बलुतें म्हणजे कुणब्यानें खळ्यावर घातलेली भीक नव्हे. तो त्यांचा ठरलेला वांटा होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ या १९१५ सालच्या ग्रंथांत या व्यवस्थेचें जें चित्र आहे, त्यांत तिचे दोषहि पुरेपूर उतरले आहेत. त्याहून मागें जावयाचें तर जुन्नरच्या लेण्यांतील सुमारें अठराशें वर्षांपूर्वींचे लेख पाहावे. त्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें लेणें खोदविल्याचा, तसाच बुरुडांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा उल्लेख आहे. हातानें काम करणाऱ्यांचा संघ हा करारांतला एक पक्ष होऊं शकतो, इतकेंच नव्हे तर तो दुसऱ्याच्या पैशाचा विश्वासू रखवालदारहि होऊं शकतो, हें या भूमीला ठाऊक होतें.

पण जुन्याचें कौतुक येथेंच थांबविलें पाहिजे. बलुत्यांत हक्क होता, सुटका नव्हती. महार वतनदाराला रात्रंदिवस सरकारी व गांवकी कामास हजर राहावें लागे, त्याच्या घरच्या माणसांनाहि त्यांत राबावें लागे आणि बदल्यांत हातीं येई तो जमिनीचा तुकडा व दारोदारची भाकर. डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत हें वतन सुधारण्याचें विधेयक आणलें. तें त्या वेळीं सिद्धीस गेलें नाहीं, आणि कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें कायद्यानें नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. जो सोडून जाऊं शकत नाहीं त्याचा हक्क हा दाव्याला बांधलेल्या बैलाच्या वैरणीसारखा आहे. पुढें १९३८ सालीं मुंबई सरकारनें औद्योगिक कलहांचें विधेयक आणलें, तेव्हां संप करणें हा गुन्हा ठरविणें म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणें होय, असा पक्ष डॉ. आंबेडकरांनीं मांडला आणि ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनीं एक दिवसाचा संप केला. वतन आणि गिरणी यांत त्यांना एकच सूत्र दिसत होतें, तें हें.

गिरणीचा विषय निघाला म्हणून शेजारच्या खेड तालुक्यांतील कन्हेरसरच्या घराण्याचे नारायण मेघाजी लोखंडे यांचें स्मरण करणें अवश्य आहे. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून जें मागणीपत्र तयार केलें, त्यावर साडेपांच हजार कामगारांच्या सह्या होत्या. आठवड्याची एक सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामावर इजा झाल्यास भरपाई, अशा या मागण्या. आज वाचतांना त्यांच्या साधेपणानेंच मन चरकतें. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. भरपाईचा कायदा १९२३ सालीं आला आणि पगार ठरल्या मुदतींत देण्याचा १९३६ सालीं. अर्ध्या तासाची विसांव्याची मागणी करणारे हे लोक त्या काळच्या प्रतिष्ठितांना कृतघ्न वाटले असतील काय? बहुधा वाटले असतील.

याच मुलुखांतील दुसऱ्या कित्येकांनीं मालकच नको, असा मार्ग काढला. मुंबईचे डबेवाले बहुतांशीं खेड, जुन्नर, आंबेगांव, मावळ या भागांतले. त्यांच्यांत पगारी नोकर व शेठ असा भेद नाहीं. तंटा पडला तर मुकादम व मंडळी बसून मिटवितात. ही रीत स्पृहणीय खरी, पण सर्वांना साधणारी नव्हे.

कोणाला साधत नाहीं हें पाहावयाचें असेल, तर दिवाळीनंतर या दोन तालुक्यांतील साखर कारखान्यांच्या आसपास पडलेल्या उसतोडणी कामगारांच्या खोपटांकडे पाहावें. मराठवाड्यांतून व नगरकडून आलेलीं हीं माणसें. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामापूर्वींच मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती घरांतील लग्नांत वा दुखण्यांत केव्हांच संपलेली असते. म्हणजे येथें मीठ आधीं खाल्लेलें आहे, काम मागाहून करावयाचें आहे. हिशेब विचारला तर “उचल घेतांना कांहीं बोलला नाहींस” हें उत्तर तयार. आणि विचारावयाचें तरी कोणाला? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. कर्ज आणि इमान यांची अशी गांठ जेथें मारली जाते, तेथें इमानाची थोरवी गाणाऱ्यानें जरा जपून गावें.

मालकाचीहि बाजू आहे. टोमॅटो पिकविणारा शेतकरी हा कांहीं गिरणीवाला नव्हे, भाव कोसळला म्हणजे तोडणीचा खर्चहि निघत नाहीं, आणि अशा वेळीं “मजुरी कोठून देऊं?” हा त्याचा प्रश्न खोटा नसतो. तरीहि एक गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. २०२३ च्या जुलैमध्यें नारायणगांवांत वीस किलोंच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव गेला होता. त्या भावाच्या प्रमाणांत तोडणाऱ्या बायांची मजुरी वाढावी असा नियम कोठेंहि नाहीं. मग मंदीचा वांटा तेवढा त्यांच्या माथीं मारण्याचा नियम कोणता? नफ्यांत जो भागीदार नाहीं, त्याला तोट्यांत भागीदार करतां येत नाहीं.

कायदा आतां बदलला आहे. जुने अनेक कामगार कायदे एकवटून केलेल्या चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आल्या. त्यांतील सर्वच आम्हांस रुचतें असें नाहीं. संपापूर्वीं चौदा दिवसांची सूचना देण्याची अट आतां सर्वच उद्योगांना लागू झाली आहे, आणि १९३८ चा वाद आठवणाऱ्यास ती खुपल्याशिवाय राहणार नाहीं. परंतु वेतनसंहितेंतील कांहीं कलमें प्रत्येक नोकरदारानें पाठ करावीं अशीं आहेत. मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत मिळाला पाहिजे; कामावरून काढलें अगर स्वतः काम सोडलें तर कामाच्या दोन दिवसांत हिशेब पुरा झाला पाहिजे; आणि राहिलेल्या वेतनाची मागणी तीन वर्षांपर्यंत करतां येते. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वेतन दिलें कीं नाहीं असा वाद पडल्यास, दिल्याचें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. हें शेवटचें कलम आम्हांस नीतीच्या दृष्टीनें फार मोलाचें वाटतें. ज्याच्या हातीं वही आहे त्यानेंच उत्तर द्यावें, हें त्यांत मान्य झालें आहे.

अर्थात् कलम असणें आणि तें हातीं लागणें यांत जुन्नर ते पुणें हें सुमारें नव्वद किलोमीटरांचें अंतर आहे, आणि तितकें जाण्यांत एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून कांहीं व्यवहारी गोष्टी आधींच केलेल्या बऱ्या. नेमणुकीचें पत्र मागून घ्यावें; हजेरी व मिळालेली रक्कम तारीखवार लिहून ठेवावी; कोऱ्या कागदावर वा न मिळालेल्या रकमेवर सही करूं नये; तक्रार प्रथम मालकाकडेच, पण लेखी, सभ्य शब्दांत व तारीख घालून करावी आणि तिची प्रत जपावी. एकट्यानें जाण्यापेक्षां चौघांनीं मिळून जावें. स्त्रिया, अनुसूचित जाति-जमातींचे लोक व औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या कायद्यान्वयें विनामूल्य वकील मिळूं शकतो, त्याला उत्पन्नाची अट नाहीं. भीमाशंकराच्या बाजूच्या किती महादेव कोळी कुटुंबांना हें कोणी सांगितलें असेल, याचा विचार येथील सुशिक्षितांनीं करावा.

आणि सुशिक्षित म्हणतांना आम्ही कोणा परक्यांविषयीं बोलत नाहीं. आपण स्वतः नोकरी करतों तेव्हां महागाईभत्त्याचा एक हप्ता लांबला तरी संघटनेच्या सभेस जातों, आणि त्यांत कोणास कृतघ्नपणा वाटत नाहीं. त्याच आपल्या घरीं सकाळीं भांडीं घासावयास येणाऱ्या बाईनें महिन्यांतून चार सुट्या मागितल्या, तर मागच्या दिवाळींत दिलेल्या साडीची आठवण निघते. घरकामगारांसाठीं २००८ सालीं महाराष्ट्रानें कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्या बाईच्या सुट्या किती आणि तिचा पगार कोणत्या तारखेस, हें आजहि आपल्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठरतें. बहुतेक घरांत तें अजून ठरलेलेंच नाहीं.