अधिकाऱ्यांनीच का यावे?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १६:१६-४०



पौल व सीला यांचा धडा आपण शब्बाथशाळेत वारंवार शिकवतो. मध्यरात्रीची स्तोत्रे, भूमिकंप, उघडलेली दारे, बंदिशाळेच्या नायकाचा बाप्तिस्मा. आणि येथे आपण पुस्तक मिटतो. एका रविवारी मी असेच पुस्तक मिटत असता एका मुलीने पुढची वचने वाचली व विचारले, "सर, पौलाने मारणाऱ्यांना क्षमा केली होती ना? मग सुटल्यावर तो मुकाट्याने का गेला नाही? अधिकाऱ्यांनाच यायला का लावले?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. आज तो प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

फिलिप्पैत काय घडले? जमाव खवळला, आणि अधिकाऱ्यांनी चौकशी न करता दोघांचे कपडे फाडून त्यांना भर चौकात छड्या मारवल्या. सकाळी मात्र चोपदारांकरवी निरोप आला, की सोडून द्या. मार उघड आणि सुटका गुपचूप! पौलाने ते मान्य केले नाही. आम्ही रोमी नागरिक आहो, चौकशीवाचून आम्हांला मारले आहे, तर ज्यांनी हुकूम दिला त्यांनी येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. अधिकारी घाबरले, कारण रोमी कायदा त्यांच्याही वर होता. ते आले व त्यांनी विनवणी केली.

पौलाने सूड मागितला काय? नाही. नुकसानभरपाईही मागितली नाही. ज्याने मारवले त्याने मार खाणाऱ्यासमोर उभे राहावे, एवढेच त्याने मागितले. आणि पुढे तो कोठे गेला? लुदियेच्या घरी, जेथे नवीन विश्वासणारे जमले होते. पौल तर गाव सोडून जाणार होता, पण ती मंडळी तेथेच राहणार होती. आपल्याला कोणी विचारणार नाही असे अधिकाऱ्यांना वाटले असते, तर पुढची छडी त्यांच्या पाठीवर पडली असती. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. क्षमा पौलाने स्वतःपुरती केली. जाब मात्र त्याने मागे राहणाऱ्यांसाठी विचारला.

आपल्याच काळाजवळची एक हकीगत सांगतो. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात मॅरियन नावाचे लहान गाव आहे. १८ फेब्रुवारी १९६५ च्या रात्री तेथील झायन मेथडिस्ट मंदिरातून कृष्णवर्णीय लोक बाहेर पडले. मतदानाच्या हक्कासाठी झटणारा एक कार्यकर्ता जवळच्या तुरुंगात होता. त्याच्यासाठी गीते गात तेथवर चालत जावे, एवढाच त्यांचा बेत होता. फिलिप्पैत कैदी आतून गात होते, येथे मंडळी बाहेरून गाणार होती. पण रस्त्यावरचे दिवे मालवले गेले आणि पोलीस काठ्या घेऊन लोकांवर तुटून पडले. जिमी ली जॅक्सन हा बाप्टिस्ट मंडळीचा २६ वर्षांचा डीकन आपली आई व ८२ वर्षांचे आजोबा यांच्यासह एका उपाहारगृहात शिरला. पोलिसांनी तेथेही मारहाण केली. आईला वाचवायला तो पुढे झाला, तेव्हा एका शिपायाची गोळी त्याच्या पोटात लागली. चांगल्या शोमरोन्याच्या नावाने चालणाऱ्या सेल्मा येथील इस्पितळात २६ फेब्रुवारीस तो मरण पावला. राज्यपालाकडेच जाऊन या मृत्यूचा जाब विचारावा, या विचारातून सेल्मा ते माँटगमेरी ही प्रसिद्ध पदयात्रा निघाली.

शिपायाचे काय झाले? त्या वर्षी ग्रँड ज्यूरीने त्याच्यावर आरोप ठेवला नाही. तो नोकरीत राहिला. १९६६ मध्ये अलाबामातील एका तुरुंगात त्याच्याच गोळीने आणखी एक कृष्णवर्णीय माणूस मेला. तेव्हाही खटला झाला नाही. पौलाला लुदियेच्या घराची काळजी का होती, ते येथे कळते. शेवटी २००७ मध्ये जॅक्सनच्या मृत्यूबद्दल आरोपपत्र झाले. बचावासाठी गोळी झाडली असे त्याचे म्हणणे होते. तरी नोव्हेंबर २०१० मध्ये त्याने मनुष्यवधाचा लहान गुन्हा कबूल केला व क्षमा मागितली. शिक्षा सहा महिन्यांची झाली. पंचेचाळीस वर्षांनंतर सहा महिने! शिक्षा थोडी वाटते, आणि ती थोडीच आहे. पण तो कोर्टात उभा राहिला, आणि त्या रात्री मालवलेला दिवा थोडा तरी पेटला.

आपल्या देशाचा कायदाही याविषयी मुका नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत जमाव पांगवण्याचे नियम आहेत. लष्कराला बोलावले, तरी कमीत कमी बळ वापरावे व कमीत कमी इजा करावी असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. हे जुन्या संहितेतही होते. पण जमाव पांगवताना केलेल्या कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी लागते. सद्भावनेने कर्तव्य करणाऱ्याला संरक्षण असावे, हे योग्यच. मात्र त्या संरक्षणाआड दुसरे काही लपू नये, म्हणून खरी साक्ष देणारी माणसे हवीत. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा आपण मुलांना शिकवतो. पाहिलेले न सांगणे, हेही त्या आज्ञेजवळ येते. मोर्च्यातून दगड आला असेल तर तेही सांगावे, लाठी पडलेल्या माणसावर पडली असेल तर तेही सांगावे. दिवस, वेळ, जागा लिहून ठेवावी आणि भीती वाटली तरी बोलावे.

आपल्या मंडळ्यांत पोलीस खात्यातील बंधूही आहेत. त्यांचे काम कठीण आहे. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना केली पाहिजे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हणतो. सेवक म्हटला की हिशेब आलाच. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितले नाही. जुलूम व खोटे आरोप सोडायला सांगितले. बंधूंनो, हुकूम वरून आला तरी हात तुमचा असतो.

शिक्षकांनो, पुढच्या वेळी हा धडा घ्याल तेव्हा बाप्तिस्म्यापाशी पुस्तक मिटू नका. लुदियेच्या घरापर्यंत मुलांना न्या.

प्रार्थना : हे न्यायी व दयाळू बापा, आमची अंतःकरणे द्वेषापासून आणि आमच्या जिभा भीतीपासून मोकळ्या कर. ज्यांच्या हाती दंड आहे त्यांना तुझे भय दे, आणि जखमी घरांना न्यायाची वाट दाखव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.