तिकडे वाढतात कसं?

परदेशी शिकावयास गेलेल्या मुलाच्या पहिल्या आठवड्यातील बातमीत, मग ती कागदावर लिहिलेली असो वा दूरध्वनीवर सांगितलेली, दोनच कलमे असतात: काय पाहिले आणि काय खाल्ले. पहिले कलम वडील लक्षपूर्वक ऐकून घेतात आणि दुसऱ्याची उलटतपासणी आई करते. मी पॅरिसला पोचून चार दिवस झाले होते, रहिवासाच्या परवान्यासाठी रांगेत उभे राहण्याचा संस्कार यथासांग पार पडला होता, आणि नोत्रदाम, आयफेल मनोरा, सेन नदीवरील पूल अशी सगळी फेरिस्त मी एका दमात वाचून दाखविली, तेव्हा सांगलीहून आईने ती निमूटपणे ऐकली आणि एवढेच विचारले, "ते सगळं ठीक आहे रे, पण तिकडे वाढतात कसं?" काय वाढतात असे तिने विचारले नाही, याकडे त्या वेळी माझे लक्ष गेले नाही. "ताटलीतच वाढतात," असे काहीतरी सांगून मी मोकळा झालो.

वस्तुतः त्या प्रश्नाचे उत्तर त्याच दिवशी दुपारी माझ्यापुढे येऊन गेले होते. शहराच्या दक्षिण अंगाला १९२५ पासून वसत गेलेले एक आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनगर आहे. निरनिराळ्या देशांची वसतिगृहे तेथे एकाच मोठ्या बागेत उभी आहेत आणि १९६८ पासून त्यांत भारताचेही एक आहे. तेथे मला तीन सोबती मिळाले. एक पाँडिचेरीचा, ज्याचे फ्रेंच त्याच्या आजोबांपासून घरात चालत आले होते, दुसरी मोरोक्कोची, आणि तिसरा ब्रिटनी प्रांतातला, इतिहासाचा विद्यार्थी, ज्याने आम्हां तिघांना फ्रान्स दाखविण्याचा मक्ता कोणी न देताच स्वतःकडे घेतला होता. त्याच्यामागून आम्ही विद्यार्थ्यांच्या सरकारी भोजनालयात शिरलो. तेथील शिरस्ता असा की, हाती एक आयताकृती तबक घ्यावयाचे आणि फळीपुढून सरकत सरकत एकेक जिन्नस त्यावर ठेवीत जावयाचे. किसलेल्या गाजराला सिरका आणि मोहरी लावलेली एक वाटी, भात, त्यावर वांगी आणि टोमॅटो यांची रातातुई, चीजचा त्रिकोणी तुकडा, बिनसाखरेच्या दह्याची एक डबी, आणि ताटलीत नव्हे तर तबकाच्या उघड्या अंगावरच टाकलेला पावाचा तुकडा. मला अत्यानंद झाला, कारण हे तर ताटच होते! गाजराची कोशिंबीर मी न कळत डाव्या हाताला सरकविली, भाजीची ताटली उजवीकडे ओढली, भाताचा एक घास भाजीशी, मध्येच कोशिंबीर, पुन्हा भात, असे करीत करीत शेवटी उरलेल्या भातावर दह्याची डबी उपडी केली आणि चिमूटभर मीठ घालून तो कालवू लागलो.

डोके वर करून पाहतो तो ब्रिटनीच्या मित्राचा हात थांबलेला. त्याच्या तबकावर तेच जिन्नस होते. परंतु त्याने गाजर संपविले होते आणि ती वाटी बाजूस सारली होती, मग भात आणि भाजी संपवून ती ताटली बाजूस सारली होती, आणि आता चीजचा तुकडा पावावर ठेवून तो दह्याच्या पायरीवर येण्याच्या बेतात होता. ते दही तो साखर घालून, गोड म्हणून, सर्वांच्या शेवटी खाणार होता. म्हणजे सगळे पदार्थ एकदम पुढ्यात मांडलेले असूनही, जणू कोणी अदृश्य वाढपी एकामागून एक आणून देत आहे, अशा रीतीने तो जेवत होता! मी एका जागेवर जेवलो होतो आणि तो एका क्रमाने. माझे जेवण एखाद्या नकाशासारखे पसरलेले, तर त्याचे बखरीसारखे उलगडत गेलेले.

आपल्या ताटात क्रम नसतो असे नाही. वरणभात आधी आणि ताकभात मागाहून, हे आपल्याकडेही पोरासोरांना ठाऊक असते. परंतु आपला खरा कटाक्ष जागेवर आहे. मीठ कोठे, लिंबाची फोड कोठे, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, हे ज्या काटेकोरपणाने ठरलेले असते, तो पाहिला म्हणजे ताट वाढणे हे एखादा गाव वसविण्यासारखेच काम वाटू लागते. आणि एकदा वसाहत झाली की, कोणत्या घरून कोणत्या घरी जावयाचे याची पूर्ण मुभा जेवणाऱ्याच्या हातास असते. फ्रेंच भोजनात ही मुभा स्वयंपाकघराकडे गेलेली असते. २०१० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात फ्रेंचांच्या समारंभी भोजनाची नोंद केली, तीत पदार्थांची नावे नसून पायऱ्या सांगितल्या आहेत: आरंभीचा पदार्थ, मग मासा किंवा मांस भाजीसह, मग चीज, मग गोड. शिकरण पहिल्या घासाला खाणारा मनुष्य सांगलीत फार तर लाडावलेला ठरेल. पॅरिसमध्ये दही आधी मागणारा मनुष्य, माझ्या मित्राच्या चेहऱ्यावरून पाहता, इतिहासाची पाने उलटी फाडणारा ठरत असावा.

एवढ्यावर थांबलो असतो, तर "आपण स्थलप्रधान, ते कालप्रधान" असला एक चटकदार सिद्धांत घेऊन मी परत आलो असतो, आणि प्रवासवर्णनांत असले सिद्धांत खपतातही. परंतु माझा वाटाड्या इतिहासाचा विद्यार्थी होता. त्याने सांगितले की, ज्याला तो आपल्या देशाचा सनातन क्रम समजून पाळीत होता, त्याला पाकशास्त्राच्या ग्रंथांत "रशियन वाढणे" असे नाव आहे. आणि "फ्रेंच वाढणे" असे ज्याला म्हणतात, ते नेमके याच्या उलट होते. राजांच्या काळात, आणि राजे गेल्यावरही पुष्कळ वर्षे, फ्रान्समध्ये मेजवानीचे दहा-वीस पदार्थ एकदम, मेजावर आखलेल्या जागी, सममितीने मांडले जात. अंतोनँ कारेम हा त्या काळचा बल्लवश्रेष्ठ साखरेची देवळे आणि भग्न मनोरे रचून मेजाची शोभा वाढवी. एकेक पदार्थ स्वयंपाकघरातून ऊन ऊन आणून क्रमाने वाढण्याची चाल पॅरिसमध्ये आणण्याचे श्रेय कुराकिन या रशियाच्या वकिलाला देतात, ते १८१० च्या सुमारास. आणि ती रुळावयास पुढे अर्धे शतक जावे लागले. तात्पर्य, कारेमच्या मेजापाशी जर कोणी सांगलीकर जाऊन बसता, तर ती मांडणी त्याला माझ्या मित्रापेक्षा लवकर उमगली असती.

हे ऐकून मला थोडा हुरूप आला. परंतु पुढच्या वाक्याने तो उतरला. त्या जुन्या मेजावर पदार्थ पुष्कळ असले, तरी जो तो आपल्या हाताच्या टप्प्यात असेल तेवढेच खात असे. आणि कोणी कोठे बसावयाचे हे मानमरातबावरून ठरत असल्यामुळे, कोणाच्या टप्प्यात काय यावे हेही मानमरातबावरूनच ठरे. मोरोक्कोची मुलगी हसून म्हणाली की, त्यांच्याकडे सगळे घर एकाच मोठ्या थाळीतून जेवते, पण तेथेही ज्याने त्याने आपल्या पुढ्यातले खावे, पलीकडे हात घालू नये, असा दंडक आहे. मला आमची पंगत आठवली. "पंक्तिप्रपंच" हा शब्द ज्या भाषेने घडविला, तिला या गोष्टी फ्रेंचांकडून शिकण्याचे कारण नाही. ताटात चटणीची जागा जितकी पक्की, तितकीच पंगतीत माणसाची. आणि ज्याला पंगतीत जागाच नाही, त्याच्यासाठी उंबऱ्याबाहेरची जागा तर त्याहूनही पक्की. रशियन वाढण्यात निदान एवढे तरी घडते की, वाढपी मेजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोच पदार्थ घेऊन फिरतो.

पाहण्याची गोष्ट खाण्याहून वेगळी असेल असे मला वाटत होते. पहिल्या दिवशी आम्ही आयफेल मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या ६७४ पायऱ्या चढलो, कारण उद्वाहनापेक्षा पायऱ्यांचे तिकीट स्वस्त होते, आणि वरून सारे पॅरिस एका ताटात वाढल्यासारखे दिसले. दुसऱ्या दिवशी मी लूव्र संग्रहालयाचाही असाच एकदम फडशा पाडण्याचा मनसुबा जाहीर केला, तेव्हा ब्रिटनीकराने माझ्या हातातील यादी काढून घेतली. तेथे सुमारे ३५,००० वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढे अर्धेच मिनिट उभे राहिले, तरी झोप न घेता बारा दिवस लागतील, हा हिशेब त्याने कागदावर करून दाखविला. युरोपात राहणाऱ्या, २६ वर्षांच्या आतील मुलांना तेथे पैसे पडत नाहीत. "मग एका दिवशी एकच दालन," त्याने फर्मान काढले, "आणि मग बाहेर कॉफी."

ते दालन म्हणजे मोनालिसाचे. ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद अशा त्या फळीपुढे शे-दोनशे हात मोबाइल उंचावून उभे होते, आणि त्या सर्वांची पाठ समोरच्या भिंतीकडे होती. त्या भिंतीवर लूव्रमधील सर्वांत मोठे चित्र टांगलेले आहे. वेरोनेझे या चित्रकाराने १५६३ साली पुरे केलेले, जवळजवळ दहा मीटर रुंद, काना गावच्या लग्नातील मेजवानीचे ते चित्र, मुळात व्हेनिसमधील एका मठाच्या भोजनशाळेसाठी काढलेले. १७९७ साली नेपोलियनच्या सैन्याने ते लुटून पॅरिसला आणले. शंभरावर माणसे त्यात जेवत आहेत, वाजवीत आहेत, ओतीत आहेत, आणि वरच्या सज्जात कोणी मांस कापतो आहे. आम्ही चौघे त्याच्यापुढे पाऊण तास बसलो. पाँडिचेरीकराने वाढप्यांची मोजणी सुरू करून मध्येच सोडून दिली. मोनालिसा मी येताना दोन माणसांच्या खांद्यांमधून पाहिली. तिची ओळख फार आधीपासून होती, म्हणून भेटीत नवे काही घडले नाही. डोळ्यांना परदेश फारसा भेटतच नाही. ते घरून निघतानाच चित्रे पाहून आलेले असतात. दह्याची ती डबी मात्र कोणत्याही चित्रात नव्हती.

बाहेर कॉफीच्या वेळी पाव आला. पावाला फ्रेंचमध्ये "पँ" म्हणतात. आणि आपला "पाव" पोर्तुगीजांच्या "पाँव"वरून, गोव्याच्या वाटेने आलेला. दोघांचे मूळ लॅटिनमध्ये एकच. मित्राला ते लोक "कोपँ" म्हणतात, ज्याच्याबरोबर आपण पाव वाटून खातो तो. हे पाँडिचेरीकराने सांगितले आणि लगेच माझ्या ताटलीतला अर्धा पाव उचलला.

महिनाअखेरीस आमच्या वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात मी सूड म्हणून सर्वांना जेवावयास बोलाविले. केळीच्या पानांचा प्रश्नच नव्हता, परंतु ताटल्या मोठ्या मिळाल्या. मीठ, लिंबू, खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, बटाट्याची भाजी, आणि मधोमध वरणभाताची मूद, असे सगळे जागच्या जागी वाढून मी वाढप्याच्या तोऱ्यात उभा राहिलो. "सुरुवात कुठून?" ब्रिटनीकराने विचारले. "कुठूनही," मी उदारपणे म्हणालो. त्याने ताटाचे क्षणभर निरीक्षण केले आणि डाव्या कडेपासून आरंभ केला. चटणी त्याने शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. डोळ्यांत पाणी आले तरी थांबला नाही. मग कोशिंबीर संपविली. मग भाजी. मग हात पुसून, मोकळ्या ताटात एकट्या राहिलेल्या वरणभाताकडे तो वळला. मला राहवेना. चटणीचे भांडे घेऊन मी त्याच्या पाठीशी गेलो आणि घरच्या सवयीने आग्रह करू लागलो. तर त्याने ताटावर आडवा हात धरला. चटणीची पायरी त्याच्या हिशेबी केव्हाच मागे पडली होती.