खरे मानले तर

‘खालीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, वरील युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करते?’ जीमॅट, एलसॅट किंवा क्लॅटची तयारी करणाऱ्यांना हे वाक्य तोंडपाठ असते, आणि तोंडपाठ असल्यामुळेच ते नीट वाचले जात नाही. ‘कमकुवत’वर नजर थांबते, ‘खरे मानल्यास’ ही अट निसटते. पर्याय तपासताना होणाऱ्या पुष्कळ चुका त्या अटीपाशी सुरू होतात, असे माझे मत आहे. आणि परीक्षेबाहेर पडल्यावर याच अटीचा विसर पडला, तर नुकसान फार मोठे होते.

एक खराखुरा युक्तिवाद घेऊ. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची इतर रुग्णांशी तुलना प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचे, त्यातही भरपूर ओढणाऱ्यांचे, प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की धूम्रपान हे या रोगाचे एक महत्त्वाचे कारण आहे. आता परीक्षेत असतात तसे चार पर्याय याच्यापुढे मांडतो. पहिला: जन्मभर सिगारेट ओढूनही अनेकांना हा रोग होत नाही. दुसरा: कधीही सिगारेट न ओढलेल्या काही जणांना तो होतो. तिसरा: तंबाखूच्या धंद्यावर लाखो कुटुंबे जगतात. चौथा: ज्या आनुवंशिक घडणीमुळे माणूस सिगारेटकडे ओढला जातो, तीच घडण त्याला कर्करोगाकडेही नेते.

पहिला पर्याय सर्वांत मोहात पाडणारा आहे, कारण नव्वदीपर्यंत विडी ओढणारे एखादे आजोबा बहुतेकांच्या माहितीत असतात. पण ओढणाऱ्या प्रत्येकाला रोग होतोच, असे डॉल आणि हिल म्हणालेच नव्हते. दुसऱ्याचे तसेच. निष्कर्षात ‘एक कारण’ आहे, ‘एकमेव कारण’ नाही. तो ‘एकमेव’ असता, तर हाच दुसरा पर्याय युक्तिवादाच्या मुळावर आला असता. म्हणजे पर्यायाला स्वतःचे असे बळ नसते, ते समोरच्या निष्कर्षाच्या नेमक्या शब्दांवर ठरते. तिसरा पर्याय सिगारेटवर बंदी घालावी की नाही या वेगळ्याच वादात उपयोगी पडेल. चौथ्याची गोष्ट निराळी. तो एकही आकडा नाकारत नाही. रुग्णालयातली तुलना जशीच्या तशी मान्य करून तो सांगतो, की या तुलनेपासून त्या निष्कर्षापर्यंत तुम्ही जी उडी घेतली तिच्याखाली जमीन नाही. दोन्ही गोष्टींमागे तिसरेच काही असू शकते.

तयारीच्या वर्गांत दोन ठोकताळे सर्रास दिले जातात: टोकाचे शब्द असलेला पर्याय काढून टाका, आणि उताऱ्यात नसलेली माहिती आणणारा पर्याय काढून टाका. उताऱ्यावरून अनुमान काढायचे असेल तेव्हा हे दोन्ही बरोबर आहेत. इथे मात्र ते घातक ठरतात. पर्याय खराच मानायचा असल्यामुळे तो जितका जोरकस, तितका घाव खोल. ‘सर्व’ किंवा ‘कधीही नाही’ हे शब्द इथे दोष ठरत नाहीत. आणि युक्तिवादाच्या कर्त्याने जी शक्यता लक्षातच घेतली नाही ती त्याच्या उताऱ्यात सापडणार कशी? योग्य उत्तर बहुतेक वेळा बाहेरूनच येते.

ही दृष्टी आपल्याकडे आयात झालेली नाही. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण. नैयायिक ते उलटे करून विचारतात: अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे का? तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला ओले सरपण लागते. ही जी न सांगितलेली अट अनुमानात लपून बसते तिला त्यांनी उपाधी म्हटले, आणि प्रतिपक्षाच्या अनुमानात उपाधी शोधणे हे वादाचे एक रीतसर अंग मानले. अग्नी नाही किंवा लोखंड तापलेले नाही, असे कोणी म्हणत नाही. हेतू, म्हणजे पुढे केलेले कारण, मान्य; साध्याशी, म्हणजे त्यावरून काढलेल्या निष्कर्षाशी, त्याचा सांधा तपासायचा. चौथ्या पर्यायाने नेमके हेच केले.

तो पर्याय माझ्या कल्पनेतला नाही. विसाव्या शतकातले थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९५७-५८मध्ये तो गांभीर्याने मांडला. एकसारख्या जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी इतर जुळ्यांपेक्षा अधिक जुळतात, ही माहितीही त्यांनी पुढे केली. फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू उत्पादकांच्या समितीचे सल्लागार होते. पण एवढ्याने त्यांचा आक्षेप पडत नाही, वक्त्याच्या हेतूवर बोट ठेवणारा पर्यायही परीक्षेत चुकीचाच असतो. तर्क म्हणून फिशर यांचा आक्षेप निर्दोष होता. प्रश्न उरला तो त्या अटीचा: ते खरे आहे का?

१९५९मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रश्न धरला. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका नऊपट असेल आणि तो सगळा एखाद्या छुप्या घटकामुळे असेल, तर तो घटक न ओढणाऱ्यांपेक्षा ओढणाऱ्यांत किमान नऊपट आढळला पाहिजे. असा घटक कोणी दाखवला नव्हता. शिवाय धूम्रपान सोडलेल्यांचा धोका कमी होत होता, आणि सवय सोडल्याने आनुवंशिक घडण बदलत नाही. १९६४मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने सिगारेटला कारण ठरवले. मधल्या वर्षांत कंपन्यांनी ‘अजून सिद्ध झालेले नाही’ एवढ्यावर वेळ काढला. जानेवारी १९५४मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या शेकडो वृत्तपत्रांत संयुक्त निवेदनही छापले होते. शक्यता दाखवून ती तपासायची जबाबदारी झटकणे, हा कमकुवत करण्याच्या कौशल्याचा सर्वांत वाईट उपयोग आहे. तो लसींपासून हवामानापर्यंत आजही चालू आहे.

परीक्षेत खरेपणा आपल्याला दान मिळतो, बाहेर तो कमवावा लागतो. म्हणून हा विषय शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. बरोबर पर्यायावर खूण झाली की पुढच्या प्रश्नाकडे धावू नका. प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या निष्कर्षासमोर बरोबर ठरला असता, ते मुलांना सांगायला लावा. आणि बरोबर पर्यायाबद्दल विचारा, की हे खरे आहे की नाही हे शोधायचे असेल, तर तुम्ही कोणाकडे जाल, काय मोजाल, आणि काय आढळले तर हा आक्षेप मागे घ्याल?