कापलेली चाळीस सेकंदे

धाकट्या बहिणीच्या लग्नाची चित्रफीत मी परवा केडेनलाइव्हवर कापायला बसलो. २००२ साली सुरू झालेली ही संगणकप्रणाली फुकट मिळते. तिचे अंतरंगही कुणीही उघडून पाहावे. (आमच्या घराण्यात एवढा मोकळेपणा नाही!) मानपानावरून अण्णा व्याह्यांवर ओरडले, ती चाळीस सेकंदे मी उडवली. अण्णा आता नाहीत. त्यांची शोभा कशाला? पण ओरडता ओरडता त्यांचा आवाज फाटतो आणि ते बहिणीकडे पाहतात. ते पाहणेही गेले. या प्रणालीत मूळ फीत शाबूत राहते; कापाकापीची नोंद तेवढी वेगळी होते. म्हणजे मी खोटे बोललोच नाही, असे म्हणू? भाऊबिजेला बहीण येईल. तिला कोणती फीत दाखवू?