आस्वाद आणि आसक्ती

जिव्हेचे सुख हा नीतीचा विषय आहे काय, असे विचारले असता आपल्या समाजात दोन उत्तरे तयार मिळतात. एक पक्ष म्हणतो, जिभेच्या मागे गेला तो गेला; यास्तव चवीची वाखाणणी हीच अधोगतीची पहिली पायरी. दुसरा म्हणतो, ज्याच्या त्याच्या ताटात काय असावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. नीतीने तेथे डोकावू नये. दोन्ही पक्ष आम्हांस अपुरे वाटतात. त्यांची परीक्षा करावयाची तर आमटीभाताचे निरुपद्रवी उदाहरण उपयोगी नाही. ज्याच्या नावानेच देवळाच्या मंडपातील मंडळी कपाळास आठी घालतील, असे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतो.

उत्तर इटलीत पिएमोंते प्रांतात लांगे नावाच्या टेकड्या आहेत. तेथील बारोलो ह्या खेड्याचे नाव धारण करणारी तांबडी वाइन नेब्बियोलो ह्या एकाच जातीच्या द्राक्षापासून होते. हे द्राक्ष उशिरा, बहुधा ऑक्टोबरात, टेकड्यांवर धुके उतरू लागते त्या सुमारास पिकते. 'नेब्बिया' म्हणजे धुके. त्यावरूनच द्राक्षास हे नाव पडले असे पुष्कळ जण मानतात. इटलीच्या कायद्याने 1966 साली 'बारोलो' ह्या नावास संरक्षण दिले आणि 1980 साली ते सर्वोच्च वर्गात नेले. ठरलेल्या अकरा गावांच्या हद्दीबाहेरील द्राक्षास हे नाव लावता येत नाही. सुगीनंतर निदान 38 महिने, आणि त्यांपैकी 18 महिने लाकडी पिंपात, ती मुरावी लागते. आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने पाहता येथे नाव म्हणजे वचन आहे आणि ते मोडणारा कायद्याचा अपराधी आहे. आपल्या गोव्याच्या फेणीस 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागील तत्त्व हेच.

आल्बा गावी ही वाइन आम्ही प्रथम चाखली तेव्हा नुसत्या घोटाने जीभ सुकून आली. कोवळी सुपारी चघळावी तसा तुरटपणा. यजमानाने हसून ताट पुढे केले. अंड्याच्या बलकात मळलेल्या बारीक शेवया, ज्यांस तेथे ताजारीन म्हणतात, वर नुसते लोणी, आणि शेजारी मुरलेले चीज. दोन घास खाऊन दुसरा घोट घेतला, आणि तीच वाइन निराळी झाली. ह्यात चमत्कार काही नाही. द्राक्षाच्या सालीतील व बियांतील तुरट द्रव्य लाळेतील प्रथिनांना धरते म्हणून जीभ कोरडी पडते. चीजमधील प्रथिने व स्निग्धांश मध्ये आले की त्याचा जोर ओसरतो. मग गुलाबाचा, आणि मागाहून थोडा डांबराचा, असा गंध वर आला. तो आजही आमच्या स्मरणात आहे.

भरतमुनींनी नाट्यरस समजावताना भोजनाचाच दृष्टांत दिला आहे. नाना व्यंजनांच्या संयोगाने अन्नात रस निष्पन्न होतो, आणि सुमनस् पुरुष तो आस्वादितो. म्हणजे रस एकट्या पदार्थात नाही. तो संयोगात आहे, आणि चाखणाऱ्याच्या जागृत मनात आहे. येथेच आस्वाद आणि नशा ह्यांच्या वाटा फुटतात. नशेस ना अन्नाची गरज, ना 38 महिन्यांच्या धीराची, ना नावाच्या खरेपणाची. नशेला मन जागे नकोच असते.

येथे प्रतिपक्ष उभा राहील, आणि त्याचे म्हणणे दुबळे नाही. तो म्हणेल, ही श्रीमंतांच्या व्यसनाची भरजरी वकिली आहे. गंध गुलाबाचा असला तरी आत मद्यार्कच. खरे आहे. मद्यपान आरोग्यास निर्धोक ठरेल असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितले. आपल्या राज्यघटनेचे 47 वे कलमही मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करावा असे राज्यास सांगते. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आम्ही कोर्टात नित्य पाहतो. नवऱ्याच्या पगाराचा दिवस जिला भयाचा वाटतो, त्या बाईपुढे गुलाबाच्या गंधाचे वर्णन करण्याची आमची छाती नाही, आणि करूही नये.

परंतु कायद्याने संयम उत्पन्न होतो, हे मात्र आम्हांस मान्य नाही. आमच्या बडोदेकर वाचकांच्या राज्यात दारूबंदी आहे. तरीही 2009 साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. बाटली जप्त करता येते, आसक्ती जप्त करता येत नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणारा आणि मुळीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे म्हटले आहे. तो निकाल पदार्थाविषयी नाही, खाणाऱ्याविषयी आहे.

तेव्हा पहिल्या पक्षास आमचे उत्तर असे की, चव ओळखणे हे पाप नव्हे. किंबहुना नैवेद्याचे ताट वाढताना मीठ कमी पडू नये म्हणून जी काळजी आपण घेतो, तीत चवीचा आदरच आहे. दुसऱ्या पक्षास उत्तर असे की, ताट खाजगी असले तरी त्याचा भार बहुधा दुसऱ्या कोणावर पडतो, म्हणून नीतीस तेथे डोकावण्याचा अधिकार आहे. जी वस्तू प्रसन्न मनाने नाकारता येते तिचाच आस्वाद घेता येतो. नाकारता येत नाही ती आपला आस्वाद घेऊ लागते. ज्याने बारोलो कधी चाखली नाही त्याचे काही अडले नाही. श्रावणातल्या खतखत्यात तिरफळाचा वास ओळखून जो क्षणभर थांबतो, त्यास ही विद्या अवगत आहे. आणि ज्यास आपल्या हाताचा भरवसा नाही, त्याने पेल्यास स्पर्शच न करणे, हा त्याचा विवेक आहे; त्यास भित्रेपणा म्हणण्याचा अधिकार आम्हां चाखणाऱ्यांस नाही.